तिच्या घरी जाशील तेव्हा

अगं, तुझा फोन ठेवला आणि वाटलं, हे नीट लिहूनच पाठवावं. फोनवर तू रडत होतीस आणि एकच विचारत होतीस, "ताई, पण मी तिथे जाऊन बोलू काय?" तिचा आठवा महिना सरत आलेला, सगळं छान चाललेलं, आणि बाळाचे ठोके थांबले. अशा घरी जायचं म्हटलं की भल्याभल्यांचे पाय जड होतात. पण काय बोलू असा प्रश्न तुला पडला, याचं मला बरं वाटलं. ज्यांना हा प्रश्न पडत नाही, तीच माणसं तिथे जाऊन फार बोलतात.

आपल्या मंडळीत अशा वेळी काय काय कानावर येतं, तुला ठाऊक आहे. देवाला ते फूल हवं होतं. प्रभूची योजना असते, आपल्याला कळत नाही. तरुण आहेस, पुन्हा होईल. निदान तू तरी वाचलीस. शिवाय चौकशा असतात: जड उचललं होतंस का, सोनोग्राफीत आधी दिसलं नाही का, डॉक्टर कोण होते. ही माणसं दुष्ट नसतात. बहुतेक जण प्रार्थना करून आलेले असतात, काहींनी बसने दोन-दोन तास प्रवास केलेला असतो. प्रेमाने आलेली माणसंच सगळ्यांत खोल घाव घालून जातात, कारण त्यांच्यापुढे दार बंद करता येत नाही. म्हणून हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो.

जाण्याआधी ईयोबाचं पुस्तक उघड. सगळे बेचाळीस अध्याय एका रात्रीत होणार नाहीत. पहिले तीन वाच, मग आठवा, बाविसावा आणि शेवटचा. एक मात्र लक्षात ठेव, तू वाच, पण हे पुस्तक तिच्या हातात देऊ नकोस. तिसऱ्या अध्यायात ईयोब म्हणतो की मी मृतच का जन्मलो नाही. ते आत्ता तिच्या डोळ्यांपुढे यायला नको. दुःखात आहे म्हणून ईयोब वाचायला देणारे खूप असतात. आत काय लिहिलंय हे आठवून देणारे कमी.

संडे स्कूलमध्ये आपल्याला ईयोबाचा धीर शिकवला, त्याची गळवं शिकवली, आणि शेवटी सगळं दुप्पट मिळालं हे शिकवलं. त्याचे मित्र मात्र घाईघाईत उरकले. खरं तर पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याच बोलण्याने आणि त्यावरच्या ईयोबाच्या उत्तरांनी भरलाय. चौथ्या अध्यायापासून पुढे पानंच्या पानं हे चालतं. इतकं सविस्तर ठेवलंय, त्याअर्थी आपण ते ऐकावं अशी शास्त्राचीच इच्छा असणार.

अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी. तिघंही आपापल्या गावाहून, आधी ठरवून, त्याचं सांत्वन करायलाच निघाले. लांबून पाहिलं तर तो ओळखूही येईना. ते मोठ्याने रडले, अंगावरचे झगे फाडले, डोक्यावर धूळ उधळली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. सात दिवस आणि सात रात्री. कुणी शब्द काढला नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं. आपल्यापैकी किती जण असं बसतील? यहुदी घरांत आजही मातीनंतर सात दिवस घरचे लोक बसतात, आणि भेटायला येणाऱ्याने आपण होऊन बोलायला सुरुवात करायची नाही, दुःखी माणूस बोलेपर्यंत थांबायचं, असा जुना दंडक आहे. तो त्यांच्या शास्त्र्यांनी याच पुस्तकावरून घेतला. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरांनाही हे सात दिवस परके नाहीत.

मग बिघडलं कुठे? आठवडाभर हे मित्र आदर्श होते. बिघडलं ते ईयोबाने तोंड उघडल्यावर. त्याने आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला, मरण मागितलं, देवाने माझी वाट का अडवली म्हणून विचारलं. हे त्या तिघांना सोसवेना. त्याचं दुःख ते सात दिवस पाहू शकले, त्याचं बोलणं मात्र त्यांना सात मिनिटंही ऐकवलं नाही. मी हा भाग वाचते तेव्हा इथेच थांबते. भेटायला गेलेल्या माणसाची परीक्षा शांततेत होत नाही गं. समोरचं माणूस नको ते बोलतं तेव्हा होते.

अलीफज सुरुवात किती हळुवार करतो बघ. बोलू का, तुला त्रास तर होणार नाही ना, असं विचारतो. तू स्वतः कितीजणांना धीर दिलास याची आठवण करून देतो. आणि मग, निष्पाप माणसाचा कधी नाश झालाय का, इकडे येतो. आठव्या अध्यायात बिल्दद त्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात गेलेल्या बापाला! आणि पहिल्या अध्यायात आपण काय वाचलेलं असतं? मुलांची मेजवानी झाली की ईयोब पहाटे उठून एकेकाच्या नावाने होमार्पण करायचा, न जाणो त्यांच्या मनात देवाविरुद्ध काही आलं असेल. म्हणजे जी भीती त्याने आयुष्यभर उराशी बाळगली, नेमकी तीच बिल्ददने उचलून त्याच्या तोंडावर मारली. बिल्ददला हे कदाचित माहीतही नसेल. आपल्यालाही माहीत नसतं, समोरच्या बाईने इतके महिने कुठली भीती मनात जपली होती. म्हणून जड उचललं होतंस का, हा प्रश्न इतका भयंकर. तिने तो स्वतःला रात्रभर विचारलेला असतो.

पुढे सोफर म्हणतो, तुझ्या पापांच्या मानाने तुला शिक्षा कमीच झाली. आणि बाविसाव्या अध्यायापर्यंत तोच हळुवार अलीफज सरळ आरोप करू लागतो: तू गरिबांची वस्त्रं काढून घेतलीस, विधवांना रिकाम्या हातांनी पाठवलंस. यातलं काहीही घडलेलं नाही. मग तो असं का बोलतो? कारण त्याच्या मनातला हिशेब पक्का होता की चांगल्याचं चांगलं होतं आणि वाइटाचं वाईट. तो हिशेब वाचवायचा तर ईयोब दोषी ठरायलाच हवा. मित्र महत्त्वाचा की आपली समजूत, यात त्याने समजूत निवडली.

त्यांची वाक्यं सुटी काढून वाचलीस तर बरीचशी खोटी नाहीत. तसंच काही नीतिसूत्रांतही सापडेल. पौलाने तर करिंथकरांच्या पहिल्या पत्रात अलीफजच्या भाषणातला एक विचार आधाराला घेतलाय. म्हणजे बोललेलं शास्त्राला धरून आहे, एवढ्यावर भागत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं, सगळं मिळून कल्याणच होतं असं सांगणारं ते सगळ्यांचं आवडतं वचन मलाही आवडतं. पण ते पौलाने स्वतः सोसताना लिहिलं, सोसणाऱ्या दुसऱ्याचं तोंड बंद करायला नाही. तिच्या घरी ते तुझ्या तोंडून येऊ नये. पुढे कधी तिच्याच तोंडून आलं, तर मान डोलाव.

शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की मी तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर रागावलोय, कारण तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो ओरडला, भांडला, देवाला कोर्टात खेचायला निघाला, तो बरोबर बोलला! आणि ज्यांनी देवाची बाजू मांडली त्यांना सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडेच जावं लागलं, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. तेव्हा तिथे जाऊन देवाची वकिली करायची जबाबदारी आपल्यावर नाही, हे मनाशी पक्कं कर. ती म्हणेल, मला देवाचं नाव नको. ती म्हणेल, मी काय वाईट केलं होतं, रोज प्रार्थना करत होते. कदाचित याहून कडू काही बोलेल. तो तुझ्यासाठी तिसरा अध्याय. दचकू नकोस, असं बोलू नये म्हणू नकोस, पाळकसाहेबांना सांगून ठेवू असंही मनात आणू नकोस. हात धर आणि ऐक.

देवाला असलं बोलणं नवीन नाही. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या शेवटी तरी आशेची एखादी ओळ येते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तीही येत नाही, ते अंधारातच संपतं. तरी कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. मला नेहमी पंडिता रमाबाईंची आठवण येते. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गेले, बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा. त्याच बाईने केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, आणि 1922 मध्ये त्या गेल्या. ईयोबाचा आक्रोश आणि ते अंधाराचं स्तोत्र त्यांच्या लेखणीतून कसं उतरलं असेल, याचा विचार केला की मला गाऱ्हाण्याची भीती वाटेनाशी होते.

आता बेथानीला चल. योहानाचा अकरावा अध्याय तुला पाठ असेल, पण या डोळ्यांनी पुन्हा वाच. लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मार्था गावाबाहेर येऊन येशूला गाठते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते, पायाशी पडते आणि तेच बोलते. दोघींचं गाऱ्हाणं एकच. येशूची उत्तरं वेगळी. मार्थेने पुढे स्वतःच विषय काढला, आताही देव तुमचं ऐकेल म्हणाली, तेव्हा तो तिच्याशी पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला रडताना पाहिलं, त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारलं, आणि स्वतः रडला. लाजार थोड्याच वेळात बाहेर येणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. आशा आहे म्हणून रडायचं कारण नाही, असं त्याने मानलं नाही. मग आपण कोण?

म्हणून गेल्यावर आधी पाहा, तुझ्यापुढे मार्था आहे की मरीया. बहुधा आज मरीया असेल. पण तिने आपण होऊन विचारलं, माझं बाळ कुठे असेल गं, तर गप्प बसू नकोस. तुझा जो विश्वास आहे तो एका वाक्यात सांग, बाळ प्रभूजवळ आहे असं मला वाटतं, आणि थांब. प्रवचन नको. तिने दुसरा प्रश्न विचारला तर दुसरं वाक्य.

नीतिसूत्रं लिहिणाऱ्यांना वेळेचं भान फार होतं. सत्ताविसाव्या अध्यायात एक गंमतशीर वाटणारी गोष्ट आहे: भल्या पहाटे मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देत सुटलं, तर तो शापासारखा वाटतो. आता पहाटे साडेपाचला फुलांच्या चित्रावर वचन टाकून ग्रुपवर पाठवणाऱ्यांचा विचार कर. तिचा फोन या आठवड्यात तशा चित्रांनी भरलेला असेल. तू पाठवू नकोस. पंचविसाव्या अध्यायात म्हटलंय की जड अंतःकरणाच्या माणसापुढे गाणी गाणं हे थंडीत त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेण्यासारखं आहे. तुम्ही गायनमंडळातल्या मुली सगळ्या मिळून जाणार असाल, तर हे आधी सांगून ठेव. टाळ-ढोलकी घेऊन उत्साहाची गीतं सुरू करू नका. तिने एखादं मागितलं तर हळू आवाजात म्हणा. आणि अठरावा अध्याय ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हणतो, तेही सोबत ने.

जिभेबद्दल याकोबाचं पत्र सगळ्यांना माहीत आहे, छोटी ठिणगी आणि मोठं रान. पण तो अध्याय सुरू कुठून होतो बघ: तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये. जिभेचा धोका त्याला शिकवायला बसलेल्या माणसात पहिल्यांदा दिसला. आणखी एक ठिणगी मी आपल्याकडे पाहते, तिच्याविषयी मला तळमळून सांगायचंय. तिथून बाहेर पडल्यावर लोक विचारतील, कशी आहे ती, काय म्हणाली. भगिनी मंडळात कुणीतरी म्हणेल, प्रार्थनेसाठीच विचारतेय हो, म्हणजे नेमकं मागता येईल. अगं, प्रार्थनेच्या नावाखाली आपण किती घरांची बंद दारं उघडी टाकली आहेत! ती देवाबद्दल जे बोलली, नवऱ्याबद्दल जे बोलली, सासूबाईंबद्दल जे बोलली, ते तिचं आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा, इतकं सांग. देवाला बाकीचं माहीत आहे.

आणि समजा, तुझ्या तोंडून काही चुकीचं गेलंच? जाऊ शकतं. तेव्हा शिलोच्या एली याजकाची आठवण ठेव. मूल नाही म्हणून हन्ना मंदिरात रडत होती, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता, आणि त्या म्हाताऱ्याला वाटलं बाई प्यायलेली आहे. त्याने तसं बोलूनही दाखवलं. पण तिने सांगितल्यावर तो अडून बसला नाही, आपलं म्हणणं पटवत राहिला नाही. तिथल्या तिथे सूर बदलला आणि तिला आशीर्वाद दिला. ती उठून जेवली, तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तसंच कर. चुकलं गं माझं, म्हण आणि पुढचं स्पष्टीकरण गिळून टाक. तिचा नवरा एलकाना मात्र प्रेमळ असूनही चुकला, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का, असं विचारून बसला. एका प्रेमाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

ईयोबाच्या शेवटीही हेच दिसतं. मेंढरं, उंट, बैल, गाढवं सगळं दुप्पट झालं, मुलं मात्र पुन्हा दहाच. गेलेल्यांच्या जागी ही आली असं पुस्तक म्हणत नाही. उलट, सगळं परत मिळाल्याचं सांगून झाल्यावर लिहिलंय की त्याचे भाऊ, बहिणी, ओळखीचे त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, आणि त्याचं सांत्वन केलं. म्हणजे भरभराट आली तरी सांत्वनाची गरज उरली होती. पुन्हा होईल, हे वाक्य तुझ्या तोंडी चुकूनही नको.

आता घरातलं सांगते. बाळ गेलं तरी अंगावर दूध येतं, दोन-चार दिवसांत येतंच. तिला याची कुणी कल्पना दिलेली नसेल, आणि ते आलं की ती कोसळेल. तू बाई आहेस, हळूच विचारू शकतेस, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना फोन करायला लावू शकतेस. बाळाचं नाव ठेवलं होतं का विचार, आणि ठेवलं असेल तर नावाने बोल. इतर कुणी ते नाव घेणार नाही. तिचा नवरा बाहेर खुर्च्या मांडत, चहा सांगत फिरत असेल, सगळे त्याला हिला सांभाळ म्हणत असतील. त्याचंही लेकरू गेलंय. मला ईयोबाच्या बायकोचं नेहमी वाईट वाटतं. तिचं एक कडू वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण तीही दहा मुलांची आई होती आणि तिच्याजवळ कुणी येऊन बसल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

काही लागलं तर सांग, असं म्हणू नकोस, दुःखातलं माणूस सांगत नसतं. रूथ कशी वागली बघ. तिची सासू नामी बेथलेहेमच्या बायकांपुढे म्हणाली, सर्वसमर्थाने मला फार कष्टी केलंय, भरलेली गेले आणि रिकामी आले. रूथ तिथे शेजारीच उभी होती. मी आहे ना तुझ्याबरोबर, मग रिकामी कशी, असं ती म्हणू शकली असती. तीही विधवाच होती. ती काही बोलली नाही. सातूचा हंगाम लागला होता, ती सरवा वेचायला गेली, आणि संध्याकाळी एफाभर सातू घेऊन आली, शिवाय स्वतःच्या दुपारच्या जेवणातून राखलेलं सासूपुढे ठेवलं. तेव्हा तू भाकरी आणि पातळ वरण घेऊन जा, परत द्यावं लागणार नाही अशा डब्यात. तिच्या मोठ्या मुलीला चार दिवस शाळेत मी सोडते, असं सांगून मोकळी हो.

फार वेळ बसू नकोस, पण लवकरच पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. दीड-दोन महिन्यांनी ती कामावर जाईल तेव्हा लोकांना वाटेल, सावरली. आणि डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख कुठली दिली होती, ते तुला माहीत असेल. नसेल तर तिच्या बहिणीला विचारून घे आणि लिहून ठेव. तो दिवस येईल तेव्हा ती कुणाला काही बोलणार नाही. आजच ऑफिसात बघून ठेव, त्या दिवशी तुला रजा मिळते का.